इसबगोलावरचं पाणी

१० जानेवारी १९६४

आजही नाही!

पोटाचा दगड झालाय. सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना अशी कळ आली की खडूच मोडला. चौथीच्या पोरी एकदम चिडीचूप. त्यांना वाटलं बाई रागावल्या. बाईंना रडू येत होतं, ते त्यांना कसं कळणार?

असलं दुखणं सांगायला माणूस फार जवळचं लागतं. इथे धामणगावात तसं कोणी नाही. म्हणून इथे लिहिते.

चिखलीला दादाच्या घरामागे पत्र्याचा संडास होता. वास मारायचा, वहिनी नाक दाबून जायची, पण होता! इथे आमच्या गल्लीत कोणाकडेच नाही. बायकांची गोदरी नाल्यापलीकडे, बाभळींच्या आडोशाला. पहाटे अंधारात जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. बाकीच्या बायका घोळक्यानं जातात. मी एकटी.

पावसाळ्यात इथे बदलून आले तेव्हाच एकदा बाभळींमागून कोणीतरी खडा मारला. मग खाकरला. मी तशीच पळत सुटले. टमरेल तिथेच राहिलं. तेव्हापासून एक युक्ती काढली आहे — पाणी कमी प्यायचं. प्यायलंच नाही तर जावं कशाला लागेल? दुपारनंतर माठाला हात लावत नाही. भाकरी अर्धीच.

फार हुशार मास्तरीण!


१४ जानेवारी, संक्रांत

रुक्मिणीबाईंकडे हळदीकुंकू. मी त्यांचीच भाडेकरू, त्यांच्या घराच्या टोकाची खोली माझी, मध्ये एक भिंत. दुपारपासून बांगड्या वाजतायत, हसणं चाललंय.

मी हिरवं लुगडं नेसून बसले होते. वेडेपणा!

मग भिंतीपलीकडून ऐकू आलं — "मास्तरीणबाईले बलावू का?" आणि कोणीतरी म्हणालं, "राहू दे वं. टाकेल बाई हाय ते." पुढे सगळ्या हळू आवाजात बोलायला लागल्या. 

कपाळावर कुंकू आहे. नवरा अकोल्यात आहे, धडधाकट आहे, दुसरी घेऊन राहतो. विधवेला कुठे बसवायचं हे गावाला ठाऊक असतं. माझं काय करायचं ते कोणालाच ठरवता येत नाही, म्हणून मग बोलावतच नाहीत.

शाळेत पोरींनी तिळगूळ दिला होता. संध्याकाळी सगळा बसून खाल्ला. वर पाणी? नाही.


१६ जानेवारी

शेवटी गेले. मोताळ्याचे डॉक्टर बाजाराच्या दिवशी किराणा दुकानाच्या ओसरीवर बसतात. पुढे पोरं घेतलेल्या बाया, मागे खोकणारे म्हातारे, मध्ये मी.

हळूच म्हणाले, "पोट साफ होत नाही."

"मोठ्यानं बोला."

मोठ्यानं बोलले! अख्ख्या ओसरीनं ऐकलं.

"पाणी किती पिता?"

"भरपूर." — खोटं.

"चहा?"

"दोनदा." — खोटं.

डॉक्टर माणूस बरा वाटला. म्हणाले, चहा कमी करा, उकळून काळा केलेला तर नकोच. पालेभाजी खा, ताक घ्या, पपई मिळाली तर उत्तम. मुगाचं वरण पातळ करा. कोरडी भाकर आणि ठेचा रोज नको. आणि इसबगोलाची भुशी — झोपायच्या आधी दोन चमचे, मोठा गलासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायची. वर आणखी एक गलास पाणी.

मग बोट उचलून म्हणाले, "ते पाणी विसरायचं नाही, बाई. इसबगोल पाणी ओढतं. वरून मिळालं नाही तर आत फुगून तिथेच बसेल, आणि मग माझ्याकडे चालत येता येणार नाही."

समजलं. मी मास्तरीण आहे, एकदा सांगितलेलं समजतं. पण झोपताना दोन गलास पाणी! आणि मग काळोखात उठावं लागलं तर कोणाला उठवू?


१८ जानेवारी

अर्धा कप पाण्यात घेतलं. शेंबडासारखं होतं ते. डोळे मिटून गिळलं. वरचा गलास ओतून घेतला, हातात धरला, बराच वेळ धरला, परत माठात ओतला.

चहा तेवढा सुटत नाही. संध्याकाळी शाळेतून आलं की खोलीत आवाज करणारं ते आधण एकच. ते उकळेपर्यंत कोणीतरी घरात आहे असं वाटतं.


२१ जानेवारी

पहाटे ठरवलं, आज त्यांच्याबरोबरच जायचं. टमरेल भरून दाराशी उभी राहिले. गल्लीतून त्यांचं बोलणं जवळ आलं. कोणाची तरी सासू, कोणाची तरी म्हैस. दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं.

बोलणं बंद.

रुक्मिणीबाई सगळ्यांत पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं बाई. आमाले येळ हाय."

वेळ कसला! निघालेल्याच होत्या. मी पुढे झाले. पाठीमागे त्या उभ्या राहिलेल्या, मी लांब जाईपर्यंत. एवढ्या बायांच्या देखत एकटं चालायचं म्हणजे! नाल्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले. पोटानं तर तेव्हाच दार लावून घेतलं होतं.

आता पहाटे त्या निघून गेल्यावरच डोळे उघडते. म्हणजे उघडेच असतात.


२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. पुंजाजी गुरुजी — आमचे हेडमास्तर — यांनी भाषण लांबवलं. पोरी उन्हात चुळबुळत होत्या.

दुपारी दादा आला, चिखलीहून एस.टी.नं. पिशवीत ही मोठी पपई! वहिनीनं दिली म्हणाला. मला बघून म्हणाला, "केसर, तू वाळलीस." मी म्हटलं, गावचं पाणी मानवत नाही. केवढं खरं बोलले!

मग मुद्द्यावर आला. अकोल्याहून रंगरावांचा निरोप आलाय. घरात जागा आहे म्हणे. तीही असेल, मीही असावं, दोघींनी मिळून राहावं.

लाज वाटते लिहायला. पण दादा बोलत असताना मला नवऱ्याचा चेहरा आठवलाच नाही. त्या घराच्या मागच्या बाजूचा संडास आठवला. आतून कडी. वर छोटी खिडकी. कितीही वेळ बसा, कोणी खाकरत नाही. क्षणभर वाटलं, जावं!

एवढ्यासाठी? दुसऱ्या बाईचं लेकरू खेळवत, तिच्या हातचं जेवत, फक्त एवढ्या कडीसाठी?

"कळव त्यांना, मी येत नाही," म्हटलं.

दादा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मग म्हणाला, "इथं करमते का तुले?"

"हो. बाया चांगल्या आहेत."

संध्याकाळच्या एस.टी.नं गेला. पपईची एक फोड खाल्ली. गोड होती. जास्त खाल्ली तर उद्या वर्गात काय होईल या भीतीनं बाकीची झाकून ठेवली. उद्या पोरींना वाटीन.


१ फेब्रुवारी

इसबगोल काही करत नाही. (अर्ध्या कपात काय करील बिचारं!) दुकानातून एरंडेल आणलं. उद्या रविवार. आज झोपताना घेतलं की पहाटे अंधारातच मोकळं होईल. गरम चहातून घेते, वास लागणार नाही.


२ फेब्रुवारी

वास लागला. आणि पहाटे काहीच नाही!

कळ आली ती भर दुपारी. ऊन लख्ख. विहिरीवर गडीमाणसं बैलांना पाणी पाजत होती. टमरेल पदराखाली धरलं आणि निघाले. धावता येईना, थांबता येईना. आणि समोरून कोण? पुंजाजी गुरुजी!

"नमस्कार बाई. उन्हाच्या कुठं निघाल्या?"

"हुरड्याला," मी म्हणाले.

हुरड्याला! हातात टमरेल घेऊन! गुरुजींनी पदराकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. "बरं बरं. यंदा ज्वारी चांगली आहे," म्हणाले आणि झपाझपा निघून गेले.

बाभळींपर्यंत पोचले, एवढंच लिहिते. तिथे दुपारी गुराखी असतात. गाई पुढ्यात येऊन बघत होत्या.

घरी येऊन आधी हसले. हुरडा आठवून पोट धरून हसले. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. वहिनी असती तर लोळली असती. मग हसू ओसरलं आणि खोलीत काहीच राहिलं नाही.

एरंडेल नको. ते कधी येईल ते सांगून येत नाही. इसबगोल बरं, निदान गप्प असतं.


८ फेब्रुवारी

पुन्हा तेच. माठात परवाचंच पाणी आहे. धूळ तरंगते.


११ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. रताळं उकडलं, साबुदाणा केला. तीनदा चहा झाला, उपासाला चालतो. गावातल्या बाया गाड्या जुंपून दर्शनाला गेल्या. सकाळी गल्ली गाण्यांनी भरून गेली आणि मग पार रिकामी झाली. कुत्रीसुद्धा त्यांच्या मागे गेली.

पोट आता नगाऱ्यासारखं. शाळेत लुगड्याची गाठ सैल करून बसते.

इसबगोल तीन चमचे घेतलं. पाण्यात नाही — कोरडंच जिभेवर ठेवलं आणि घोटभर पाण्यानं ढकललं. घशाला चिकटलं. अजून घोटभर. बस.

डॉक्टरांचं बोट डोळ्यांपुढे आलं. मी डोळे मिटले.


१३ फेब्रुवारी

फार दुखतंय. लिहवत नाही.


२१ फेब्रुवारी

आज बसता येतंय. लिहून ठेवते.

त्या दिवशी तिसऱ्या तासाला पाढे घेत होते. सात सक बेचाळीस म्हणताना पोटात जे पिळवटलं ते भिंत धरून खालीच बसले. मग उलटी. पोरी ओरडत बाहेर पळाल्या. गुरुजी आले, हात लावायला बिचकत होते. "बाई, बाई," एवढंच म्हणत होते.

रुक्मिणीबाईंच्या घरची बैलगाडी जुंपली. त्या स्वतः दारात उभ्या, तोंडाला पदर. गाडीत कोणी बाई बसावी की नाही यावर कुजबुज चाललेली मला ऐकू येत होती. माणूस मरत असलं तरी कान चालूच असतात! तेवढ्यात समोरच्या घरातून झुंबरबाई आली. साठीची म्हातारी, पाठीत वाकलेली. आजवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. हाताला पीठ तसंच. कोणाला विचारलं नाही, चाकावर पाय ठेवून वर चढली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

"हाक रे गाडी," म्हणाली.

मोताळ्यापर्यंतचा तो रस्ता! प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळत होते. ती माझ्या पोटावरून हात फिरवत नव्हती, नुसता ठेवून होती. गरम हात. पिठाचा वास.

दवाखान्यात नर्सबाईनं नाव विचारलं. केसर. पुढे? मी थांबले. दुखण्यानं थांबले असं तिला वाटलं असेल. मग वडिलांचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी पोट दाबलं आणि लगेच ओळखलं. "इसबगोल कशात घेतलंत?"

मी पदर तोंडावर ओढला.

"पाणी किती?"

डॉक्टर चिडले. "शिकलेल्या बाई तुम्ही! पोरींना शिकवता! मी मराठीतच सांगितलं होतं ना?"

तेव्हा झुंबरबाई बोलली. कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, तिथूनच.

"तिले नका रागावू, डॉक्टरसायेब. तिले एकटीले जा लागते बाहीर. म्हून पाणी पेत नाही."

"एकटीला का? गावात बायका नाहीत?"

"हायेत ना. आमी नेत नाही तिले."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "आम्ही म्हणजे कोण?"

"आमी म्हंजे मीबी," झुंबरबाई म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं. पोटात आग होती तरी डोळ्यांतून जे आलं ते पोटासाठी नव्हतं. सहा महिने मला वाटत होतं की हे कोणालाच दिसत नाही. दिसत होतं! समोरच्या दारातून रोज दिसत होतं.

पुढचं सगळं लिहीत नाही. एनिमा दोनदा द्यावा लागला. नर्सबाईचे हात होते आणि झुंबरबाईचे. मी लाजेनं मेले नाही, हे आश्चर्य. डॉक्टर नंतर शांत झाले. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बुलढाण्याला पाठवून पोट उघडावं लागलं असतं. आता काही दिवस पेज, ताक, मुगाचं पातळ पाणी. इसबगोल सध्या बंद. पुढे घ्यायचं तर पाण्यासकट, नाहीतर पुडी फेकून द्यायची. "औषध अर्धं आणि पाणी अर्धं नाही, बाई. पाणी हेच औषध आहे असं समजा."

झुंबरबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी झोपली. चमच्यानं कोमट पाणी पाजत होती. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "पे वं. मी हावो ना इथं."


२२ फेब्रुवारी

पहाटे दारावर थाप. मी दचकले.

"बाई, उठली का? चाल, उजाडून राह्यलं."

झुंबरबाई! हातात टमरेल, डोक्यावरून पदर. बाकी कोणी नाही. गल्ली रिकामी होती, घोळका येऊन गेला असावा.

आम्ही चाललो. ती हळू चालते, वाकून. मीही हळू. परत येताना म्हणाली, "आता पाणी पेशील ना?"

"पिईन," म्हटलं.

घरी आल्यावर गलास भरला आणि उभ्यानं प्यायले. अख्खा. पोटात गार गार उतरत गेलं.


२५ फेब्रुवारी

झुंबरबाईनं माझ्या चुलीचा ताबा घेतलाय. डॉक्टरांचं सगळं तिला पाठ आहे, वर स्वतःचं जोडते. ठेचा बंद. चहा सकाळी एकदाच, तोही दुधाळ. "काया चहा पेऊन आतडी सुकते," म्हणते. अंबाडीची भाजी कण्या घालून मऊ शिजवते. ताक आणते. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून माझ्यापुढे सारते आणि संपेपर्यंत समोर बसते.

"मनुका भिजव रातच्याले. सकाळी पाण्यासगट खाय."

"इतकं पाणी?"

"काऊन, म्हैस पेत नाही का? तुह्यापेक्षा सुखी हाय ते."

मी विचारलं, "झुंबरबाई, बाकीच्या बायका तुम्हाला काही बोलत नाहीत? माझ्याकडे येता म्हणून?"

भाजी ढवळत राहिली. "बोलतात ना. तोंड हाय त बोलतीन."

आणि पातेलं उतरवून माझ्यापुढे ठेवलं.


१ मार्च

आज एक बाभळ तिची, एक माझी. मध्ये कुंपणासारखी झुडपं. तिकडून तिचं बोलणं चालू — सून गोजरबाई मीठ जास्त घालते, लेकाला ते कळत नाही, यंदा तूर किडली. मी इकडून हूं हूं करते. कोणीतरी बोलत असलं की शरीर किती सोपं होतं! ही गोष्ट कुठल्या डॉक्टरनं सांगितली नव्हती.

परतताना विचारलं, "तुम्ही सुनेबरोबर का नाही जात? त्या सगळ्या तर लवकर जातात."

"मह्याच्यानं उठवत नाही इतक्या लवकर," म्हणाली. "म्हातारपणाची झोप."

गंमत आहे. मला वाटायचं म्हातारी माणसं लवकर उठतात.


९ मार्च

झुंबरबाई काल भावाकडे रोहिणखेडला गेली. उद्या येते म्हणाली. जाताना माझ्या माठावरचं झाकण काढून आत पाहिलं. "भरेल ठेवजो अन् पेजो."

रात्री जेवताना माठाकडे बघत होते. पहाटे कोणी थाप मारणार नव्हतं. जुनी युक्ती आठवली. एक दिवसाचाच तर प्रश्न! मग दवाखान्याची ती खाट आठवली. इसबगोल ढवळलं, गलासभर पाण्यात. प्यायले. वरचा गलास. प्यायले!

पहाटे काठी घेऊन निघाले. एकटी. बाभळींशी पोचले आणि मागे कोणीतरी खाकरलं.

तोच आवाज. तोच, पावसाळ्यातला.

काय झालं मला माहीत नाही. मी काठी आपटली आणि वर्गात ओरडते तशी ओरडले — "कोण आहे रे तिकडे? ये असा पुढे! नाव सांग!"

झुडपं मोडत कोणीतरी पळालं. पाठ दिसली. माणूसच होता, चांगला बाप्या माणूस. धोतर सावरत पळत होता!

काठी शेजारी टेकवली आणि बसले. आणि झालं!

परत निघाले तर नाल्याच्या काठाशी घोळका उभा. परत जाताना माझं ओरडणं ऐकून थांबल्या असाव्यात. रुक्मिणीबाई पुढे होत्या. त्यांनी पळणाऱ्याच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्या काठीकडे पाहिलं. मी नाला ओलांडून या बाजूला येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग वळून चालायला लागल्या. मी पंधरावीस पावलं मागून.

अंतर तेवढंच ठेवलं, त्यांनीही आणि मीही.


१५ मार्च

रुक्मिणीबाईंच्या पोरीनं परसाच्या भिंतीवरून पालकाची जुडी दिली. "आईनं देल्ली," म्हणाली आणि पळाली. मळ्यातली असावी, माती ओली होती.

धुऊन शिजवली. एकटीनंच खाल्ली. बरं वाटलं, आणि तरी घास फिरत होता. जुडी भिंतीवरून आली. दारातून यायला किती पावलं लागली असती?

झुंबरबाईला सांगितलं तर म्हणाली, "भाजी खाय. भिंतीले काय पाह्यतं."


२२ मार्च

आज पहाटे नाल्याच्या उतारावर झुंबरबाईला ठेच लागली. मी तिला सावरलं, पण टमरेल हातातून सुटलं. खडकावर आपटलं, उताराला लागलं, गडगडत खाली गेलं. दगडावर एक थेंब सांडला नाही. रिकामंच होतं.

मी तिच्याकडे पाहिलं.

"काय पाह्यतं?" म्हणाली. "मी केव्हाचीच जाऊन येतो, गोजरसंगं. चाल, उजाडून राह्यलं."